तूर द फ्रान्स : एका शर्यतीच्या दोन वह्या

वाशीमच्या बाजूच्या लोकांना 'मुक्काम' ह्या शब्दाचा अर्थ नव्यानें सांगावयास नको. शेगांवची पालखी आषाढीसाठीं पंढरपुराकडे निघाली म्हणजे पातूरमागें टाकून ती ह्याच जिल्ह्यांत येते आणि मेडशी, मालेगांव, शिरपूर, रिसोड अशी वाट धरून पुढें सरकते. एखाद्या दिवशीं कोणी कितीहि झपाट्यानें चालला तरी तेवढ्यानें वाट संपत नाहीं. रोजची चाल रोज पुरी करावयाची, रात्रीं अंग टेकावयाचें आणि उजाडतांच पुन्हां निघावयाचें, हाच त्या प्रवासाचा नियम. युरोपांतील एक शर्यत जवळजवळ सव्वाशें वर्षें ह्याच मुक्कामांच्या नियमानें चालत आली आहे. तेथें पायांखालीं सायकल आहे आणि डोक्यावर घड्याळाचा अंमल आहे, एवढाच काय तो फरक. तिचें नांव 'तूर द फ्रान्स', म्हणजे फ्रान्स देशाची प्रदक्षिणा.

ह्या शर्यतीचा हिशेब समजण्यास अगदीं सोपा आहे. देशाभोंवतीं एक लांबलचक वाट आखावयाची, तिचे टप्पे पाडावयाचे, रोज एक टप्पा पुरा करावयाचा आणि प्रत्येक स्वारास त्या दिवशीं किती वेळ लागला तें टिपून ठेवावयाचें. शेवटीं सर्व दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी. म्हणून एखादा स्वार एकाहि दिवशीं पहिला न येतां सबंध शर्यत जिंकूं शकतो. आणि चार दिवस पहिला आलेला मनुष्य पांचव्या दिवशींच्या एका अपघातानें मागें पडूं शकतो. सांप्रत ह्या शर्यतीचे एकवीस टप्पे असतात, एकंदर अंतर सुमारें साडेतीन हजार किलोमीटर भरतें, आणि दोन विश्रांतीचे दिवस धरून ती तेवीस दिवस चालते. १९८९ सालीं तीन हजार दोनशेंहून अधिक किलोमीटर तुडविल्यावर अमेरिकेचा ग्रेग लेमॉण्ड आणि फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ह्यांच्यांत जें अंतर उरलें, तें अवघ्या आठ सेकंदांचें होतें!

ही झाली शर्यतीची पहिली वही. ती घड्याळवाल्यांच्या हातीं असते. परंतु ह्या शर्यतीची दुसरीहि एक वही आहे आणि ती रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या लोकांच्या मनांत लिहिली जाते. ह्या दोन वह्यांतील नांवें नेहमींच जुळतात असें नाहीं. तीं कोठें जुळत नाहींत आणि कां जुळत नाहींत, हें पाहण्यासारखें आहे.

वर्तमानपत्राच्या पोटीं जन्म

शर्यतीचा जन्म मात्र फारशा उदात्त हेतूनें झाला नाहीं. पॅरिसमध्यें त्या वेळीं 'ल व्हेलो' नांवाचें क्रीडाविषयक दैनिक हिरव्या कागदावर निघत असे. त्याच्याशीं स्पर्धा करण्यासाठीं १९०० सालीं कांहीं धनिक कारखानदारांनीं दुसरें पत्र काढलें. तेंच पुढें 'लोतो' ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. ह्या भांडणाच्या मुळाशीं केवळ धंदा नव्हता. ड्रायफस नांवाच्या ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायावरून सगळा फ्रान्स तेव्हां दुभंगला होता आणि हीं दोन पत्रें दोन विरुद्ध पक्षांच्या आश्रयानें उभीं होतीं. 'लोतो' पिंवळ्या कागदावर छापलें जाई. त्याचा खप मात्र कांहीं केल्या वाढेना. संपादक आंरी देग्रांज चिंतेंत असतां जेओ लफेव्र नांवाच्या तरुण बातमीदारानें १९०२ च्या नोव्हेंबरांत कल्पना सुचविली कीं, सबंध देशाला वळसा घालणारी शर्यत ठेवावी. म्हणजे लोकांना रोज उठून पत्र विकत घेणें भागच पडेल.

ता. १ जुलै १९०३ रोजीं पॅरिसजवळच्या माँझराँ गांवांतील एका कॉफीगृहासमोरून साठ स्वार निघाले. टप्पे सहाच होते. पण पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा, म्हणजे वाशीमहून नागपुरास जाऊन परत यावें जवळजवळ तेवढा! रस्ते धुळीचे, सायकली जड, उजेडास लहानसा दिवा, आणि कित्येक तास रात्रींच्या काळोखांत काढावयाचे. एकंदर २,४२८ किलोमीटर पुरे करून पॅरिसला परतलेले स्वार निघाले एकवीस. पहिला आला मॉरिस गारँ. हा लहानपणीं घरांचीं धुराडीं साफ करून पोट भरीत असे. दुसऱ्या स्वारापेक्षां तो जवळजवळ तीन तास पुढें होता. शेवटचा अर्सेन मिलोशो हा गारँच्या मागून सुमारें पासष्ट तासांनीं पोंचला, पण पोंचला! अशा शेवटच्या स्वारास पुढें 'तांबडा कंदील' हें लाडकें नांव पडलें. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागें तांबडा दिवा लावीत, त्यावरून तें आलें.

'लोतो'चा खप दुपटीहून अधिक वाढला. पण पुढच्याच वर्षीं ह्या यशाला कीड लागली. १९०४ सालीं स्थानिक स्वाराचे कैवारी रात्रीं दबा धरून बसले आणि त्यांनीं परगांवच्या स्वारांना मारहाण केली. जमाव पांगविण्यासाठीं अधिकाऱ्यांना पिस्तुलें उडवावीं लागलीं. रस्त्यावर खिळे पसरले गेले. कांहीं स्वारांनीं तर चक्क आगगाडींत बसून वाट कापली. चौकशी होऊन चार महिन्यांनीं निकाल लागला, तेव्हां गारँसह पहिले चारहि स्वार बाद ठरले आणि पांचव्या क्रमांकाच्या आंरी कोर्ने ह्या एकोणीस वर्षांच्या पोरास विजयी ठरविण्यांत आलें. आपली शर्यत आपल्याच यशानें मारली, अशा अर्थाचे उद्गार देग्रांजनें आपल्या पत्रांत काढले. सुदैवानें ते खरे ठरले नाहींत. तथापि पहिली वही दुरुस्त करावी लागते हा धडा दुसऱ्याच वर्षीं मिळाला.

लोहाराच्या भट्टीपाशीं

१९१० सालीं देग्रांजनें शर्यत पिरेनीज पर्वतांतून नेली. त्यांतील तूरमाले खिंड २,११५ मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सायकलीनें तेवढें चढणें काय असेल ह्याची कल्पना येईल. त्या पहिल्या वर्षीं ऑक्ताव्ह लापिझ हा स्वार चढण चढतां चढतां थकून व्यवस्थापकांवर "खुनी आहांत!" असें ओरडला, आणि ती शर्यत त्यानेंच जिंकली. सात वर्षांनीं पहिल्या महायुद्धांत वैमानिक म्हणून लढतांना तो मारला गेला.

ह्याच तूरमालेच्या उतरणीवर १९१३ सालीं जें घडलें, तें फ्रान्समध्यें अजून सांगितलें जातें. ऑजेन क्रिस्तॉफ हा स्वार त्या दिवशीं आघाडीवर होता आणि सबंध शर्यतींतहि वर येण्याचीं चिन्हें दिसत होतीं. उतारावर वेगानें येत असतां त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरून ठेवणारा दुहेरी दांडा, मोडला. त्या काळचा नियम असा होता कीं, स्वारानें सायकल बदलावयाची नाहीं आणि दुरुस्तीस कोणाची मदत घ्यावयाची नाहीं. क्रिस्तॉफनें सायकल खांद्यावर घेतली आणि तो पायीं चालूं लागला. मागें टाकलेले स्वार एकामागून एक त्याच्या डोळ्यांदेखत पुढें निघून गेले. दहा किलोमीटरांहून अधिक वाट अशी तुडविल्यावर सँत मारी द कांपाँ ह्या खेड्यांत एक लोहाराची भट्टी सांपडली.

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धांव चढवितांना ज्यांनीं लोहाराला पाहिलें असेल, त्यांना पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणणें कठीण नाहीं. लोहार हातावर हात ठेवून उभा. कारण हात लावला तर स्वार बाद! शर्यतीचे अधिकारी बाजूला खडा पहारा करीत उभे. आणि दिवसभर सायकल हांकून दमलेला क्रिस्तॉफ आपल्या हातानें लोखंड तापवीत, ठोकीत, जोडीत आहे. तरुणपणीं तो कुलुपें बनविण्याचें काम शिकला होता, तेवढाच त्याला आधार. ह्या खटपटींत तीन तासांहून अधिक काळ गेला. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळें त्यानें एका लहान मुलाकडून भाता ओढून घेतला. तेवढ्यासाठीं अधिकाऱ्यांनीं त्याच्या वेळेंत दहा मिनिटांचा दंड मिळविला. पुढें तो कमी करून तीन मिनिटांवर आणला. क्रिस्तॉफ सायकल जोडून पुन्हां निघाला, टप्पा पुरा केला आणि शर्यतीच्या शेवटीं सातवा आला.

हा नियम न्यायाचा होता काय? आजच्या दृष्टीनें तो क्रूर वाटतो आणि पुढें तो काढूनहि टाकण्यांत आला. तीन तास गेलेल्या मनुष्यास भात्याबद्दल आणखी मिनिटें लावणें हें तर हिशेबी वृत्तीचें टोंक झालें. परंतु एक गोष्ट विसरतां येत नाहीं. त्या दिवशीं क्रिस्तॉफला शर्यत सोडून देतां आली असती. त्यास कोणीहि नांव ठेविलें नसतें. जिंकण्याची आशा संपल्यावरहि त्यानें काम अर्धवट टाकलें नाहीं. आज त्या खेड्यांत त्याचा पुतळा उभा आहे.

दैवानें त्याची आणखी एकदां परीक्षा पाहिली. महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं शर्यत पुन्हां सुरू झाली. आघाडीचा स्वार गर्दींत ओळखूं यावा म्हणून त्याला पिंवळा सदरा देण्याची प्रथा त्याच वर्षीं पडली. रंग पिंवळा, कारण 'लोतो'चा कागद पिंवळा! हा सदरा अंगावर घालणारा पहिला स्वार क्रिस्तॉफच होय. शेवटून दुसऱ्या टप्प्यापर्यंत तो तसाच आघाडीवर राहिला आणि व्हालँसिएन गांवाजवळ पुन्हां चिमटा मोडला. दुरुस्तींत तास निघून गेला आणि तो तिसऱ्या क्रमांकावर आला. 'लोतो'च्या वाचकांनीं त्याच्यासाठीं वर्गणी गोळा केली. ती रक्कम पहिल्या बक्षिसाहून मोठी भरली असें सांगतात. पहिल्या वहींत विजेता म्हणून क्रिस्तॉफचें नांव कधींच लागलें नाहीं. दुसऱ्या वहींत मात्र तें ठळक अक्षरांत आहे.

चाक देणारा मुलगा

क्रिस्तॉफच्या कथेंत स्वावलंबन आहे. दुसऱ्या एका कथेंत त्याच्या उलट गुण आहे. ती समजण्यासाठीं सायकलीच्या शर्यतीचें एक मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगानें जातांना स्वाराची बहुतेक शक्ति वारा कापण्यांतच खर्ची पडते. त्यामुळें जो दुसऱ्याच्या अगदीं मागें राहतो, त्याचे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत श्रम वांचतात. ह्यांतूनच संघांची पद्धति निघाली. संघांतील एक प्रमुख स्वार जिंकावा म्हणून बाकीचे वारा अंगावर घेतात, त्याच्यासाठीं पाणी आणतात, प्रसंगीं आपलें चाकहि काढून देतात. फ्रेंच भाषेंत त्यांना 'घरगडी' अशा अर्थाच्या शब्दानें ओळखतात. आपल्या एकत्र कुटुंबांत एका भावानें शिकावें म्हणून दुसऱ्यानें शेती सांभाळली, असे दाखले घरोघर सांपडतात. ही गोष्ट त्याच जातीची.

१९३४ सालीं फ्रान्सच्या संघांत रने व्हिएतो नांवाचा वीस वर्षांचा मुलगा होता. कान शहरांतील एका हॉटेलांत तो पूर्वीं हरकाम्या होता. डोंगर चढण्यांत त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता आणि त्यानें टप्पेहि जिंकले होते. संघाचा प्रमुख होता आंतोनँ मान्ये. पिरेनीजमधील एका उतारावर मान्येचें पुढचें चाक मोडलें. व्हिएतोनें आपलें चाक काढून दिलें आणि मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर बसून राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत असलेल्या त्या मुलाचें छायाचित्र पुढें देशभर गाजलें. दुसऱ्याच दिवशीं मान्येची सायकल पुन्हां नादुरुस्त झाली. व्हिएतो तेव्हां पुढें होता. तो उलट फिरला आणि मागें येऊन त्यानें आपली सायकल त्याच्या स्वाधीन केली. मान्ये शर्यत जिंकला. व्हिएतो पांचवा आला.

ह्या त्यागांत दुःख नव्हतें असें कोणी म्हणूं नये. छायाचित्रांतील अश्रू खरे आहेत. व्हिएतो पुढें बरींच वर्षें ह्या शर्यतींत उतरला, १९३९ सालीं दुसरा आला, १९४७ सालीं कित्येक दिवस पिंवळा सदरा त्याच्या अंगावर राहिला. पण शेवटपर्यंत टिकला नाहीं. कर्तव्य म्हणून दिलेल्या चाकाची भरपाई त्याला कधींच मिळाली नाहीं. मोठ्यांसाठीं लहानांनीं झीज सोसावी असें आपण सहज बोलून जातों. त्या झिजेची किंमत कोण देतो, हा प्रश्न मात्र ह्या मुलाच्या गोष्टींत उघडा पडतो.

वहींत न बसलेली स्त्री

स्त्रियांचें नांव तर ह्या वह्यांत कित्येक वर्षें येऊंच दिलें नव्हतें. फ्रान्सच्या धर्तीवर इटलींत १९०९ सालीं तशीच शर्यत सुरू झाली. १९२४ सालीं तींत आल्फोन्सिना स्त्रादा ही शेतकरी घरांतील स्त्री पुरुषांबरोबर उतरली. नव्वद स्वार निघाले होते. पेरूजाच्या टप्प्यावर वादळवाऱ्यांत तिचें हँडल मोडलें. तिनें केरसुणीचा दांडा बांधून त्यावर काम भागविलें, पण मुदत टळून गेली आणि नियमाप्रमाणें ती बाद झाली. तरीहि व्यवस्थापकांनीं तिला गणनेबाहेर राहून पुढें जाण्याची परवानगी दिली आणि मिलान शहरापर्यंतची ३,६०० किलोमीटरांहून अधिक वाट तिनें पुरी केली. गणनेंत शेवटपर्यंत टिकलेले पुरुष होते तीस. फ्रान्समध्यें स्त्रियांची अशी शर्यत १९८४ सालीं सुरू झाली, पुढें खंडली आणि २०२२ पासून नव्या स्वरूपांत पुन्हां चालूं झाली.

पुसलेलीं नांवें

पहिल्या वहींतील सर्वांत मोठी खाडाखोड मात्र आपल्याच काळांतली आहे. लान्स आर्मस्ट्राँग हा अमेरिकन स्वार कर्करोगांतून उठला आणि १९९९ पासून २००५ पर्यंत ओळीनें सात वेळां त्यानें ही शर्यत जिंकली. जगभरच्या रोग्यांना त्याच्या नांवानें धीर वाटे. पुढें उघड झालें कीं हे विजय निषिद्ध औषधांच्या बळावर मिळविलेले होते. २०१२ सालीं सातहि विजय काढून घेण्यांत आले आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं त्यानें स्वतः कबुली दिली. त्या सात वर्षांच्या जागीं दुसऱ्या कोणाचेंहि नांव लिहिलें गेलें नाहीं. कारण ज्यांचीं लिहावयाचीं त्यांतील कित्येकांचे हातहि स्वच्छ नव्हते. सात ओळी कोऱ्या राहिल्या आहेत.

ह्या कोऱ्या ओळींशेजारीं इटलीच्या जीनो बार्ताली ह्याचें चरित्र ठेवून पाहावें. १९३८ सालीं आणि पुन्हां दहा वर्षांनीं, १९४८ सालीं, त्यानें तूर द फ्रान्स जिंकली. मधल्या महायुद्धांत तो सरावाचें निमित्त करून दूरदूर सायकल हांकीत असे. सायकलीच्या पोकळ नळ्यांत छपविलेले असत ज्यूंचे जीव वांचविणारे बनावट कागद. सांपडला असता तर प्राणाशीं गांठ होती. युद्धानंतर ह्या कामाविषयीं तो फारसें बोललाच नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ सालीं, जेरुसलेमच्या याद व्हाशेम संस्थेनें त्याचा गौरव केला.

आपल्याकडचे रस्ते

आपल्या महाराष्ट्रांत मुंबई-पुणें सायकल शर्यतीची परंपरा जुनी आहे. ती एका दिवसाची. पण खंडाळ्याचा घाट सर्वांत आधीं चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविण्याची तिची रीत थेट फ्रान्सच्या पर्वतराजाची आठवण करून देते. टप्प्यांच्या शर्यतीशीं विदर्भाचें नातें मात्र नागपूरच्या डॉ. अमित समर्थ ह्यांनीं जोडलें. २०१७ सालीं त्यांनीं अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सुमारें पांच हजार किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या मुदतींत एकट्यानें पुरी केली. २०१८ सालीं ते रशियांत गेले. मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजारांहून अधिक किलोमीटर आणि पंधरा टप्पे. त्यांतील एक टप्पा तर तेराशें किलोमीटरांहून मोठा! तीहि शर्यत त्यांनीं तडीस नेली. पहिलें कोण आलें हें ठाऊक नसतांहि विदर्भांतील लोक त्यांचें नांव घेतात, तें त्यांनीं वाट पुरी केली म्हणून.

वाशीम जिल्ह्यांत सायकल ही शर्यतीची वस्तु नाहीं, शाळेची आहे. मानव विकास कार्यक्रमांतून खेड्यांतील मुलींना शाळेंत जाण्यासाठीं सायकली मिळूं लागल्या. शेतांच्या कडेनें, पावसाळ्यांत चिखलांतून आणि उन्हाळ्यांत झळांतून रोज जाऊन येणाऱ्या ह्या मुलींची चाल कोणी घड्याळ लावून मोजीत नाहीं. तरी आठवीपासून बारावीपर्यंतच्या त्यांच्या फेऱ्यांची बेरीज केली तर ती तूर द फ्रान्सच्या वाटेहून उणी भरणार नाहीं. रोज दोन्ही वेळचे मिळून आठ किलोमीटर धरले, तरी वर्षाचे दोनशें दिवस आणि पांच वर्षें मिळून आठ हजार किलोमीटर होतात! त्यांतील एखाद्या मुलीची सायकल वाटेंत मोडली तर तिला मदत करावयास नियमाची आडकाठी नाहीं. आडकाठी असलीच तर ती आपल्या दुर्लक्षाची.

अशी एखादी टप्प्यांची शर्यत पुढेंमागें वाशीम, मंगरूळपीर, कारंजा ह्या बाजूस यावी असें कोणास वाटल्यास त्यांत नवल नाहीं. तिच्यासाठीं लागणारी सामग्री थोडी आहे: बरा रस्ता, खरें घड्याळ आणि कडेला उभीं राहणारीं माणसें. रस्ता सरकार करील, घड्याळ बाजारांत मिळेल. माणसांनीं मात्र पहिल्या येणाऱ्यास टाळ्या देऊन लगेच घरीं परतूं नये. शेवटचा तांबडा कंदील वळणावर दिसेपर्यंत थांबावें.